पहाटे चारला बंद पडणारं मशीन

प्रश्न : आम्ही नवराबायको निवृत्त आहोत आणि वर्षातले चार-पाच महिने गाडीमागे ट्रेलर जोडून फिरतो. ट्रेलरच्या टपावर १००-१०० वॉटचे दोन सोलर पॅनेल, पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आणि पुढच्या दांड्यावरच्या पेटीत १०० एएचच्या (अ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे वीज साठवायची ताकद) दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आहेत. बॅटऱ्यांना तीन वर्षं झाली. फ्रिज १२ व्होल्टवर चालतो. यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, त्यामुळे रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन लागतं. ते इन्व्हर्टरवर लावतो. पहिली रात्र नीट जाते. दुसऱ्या रात्री पहाटे चारच्या सुमारास इन्व्हर्टर ओरडायला लागतो, मशीन बंद पडतं आणि हे दचकून उठतात. कुणी म्हणतं आणखी दोन पॅनेल लावा, कुणी म्हणतं तिसरी बॅटरी जोडा. मुलगा म्हणतो, ३०० एएचची लिथियम आणि ३००० वॉटचा इन्व्हर्टर बसवा, मग एसीसुद्धा चालेल. आमचा मुक्काम बहुधा झाडाखाली असतो आणि थंडीत आम्ही जातो तिथे पारा शून्याखाली उतरतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, बाकीच्या कामांना महिना लागला तरी चालेल, पण यजमानांचं मशीन आज रात्रीही चालायला हवं. म्हणून आधी त्याचंच बोलू.

सीपॅप इन्व्हर्टरवर लावू नका. बॅटरीतली १२ व्होल्टची डीसी वीज इन्व्हर्टर घरातल्यासारखी एसी करतो आणि मशीनचा अ‍ॅडॉप्टर तीच वीज परत डीसी करतो. या जा-ये मध्ये वीज वाया जाते. मशीन बनवणारी कंपनी बहुधा थेट बॅटरीवर चालणारा डीसी अ‍ॅडॉप्टर विकते. पुष्कळ मशीनना २४ व्होल्ट लागतात, म्हणून तो अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज वाढवूनही देतो. आपल्याच मॉडेलचा घ्या, मिळतंजुळतं काही लावू नका. दुसरी गोष्ट ह्युमिडिफायरची, म्हणजे हवेला ओलावा देणाऱ्या भागाची. मशीनची मोटर फारशी वीज खात नाही. पाणी आणि नळी गरम ठेवणारा हीटर खातो. तो कमी केला किंवा बंद ठेवला तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले, तर रात्रीचा खर्च निम्म्यावर येऊ शकतो. आणि सीपॅपपुरती एक छोटी वेगळी बॅटरी कायम जवळ असू द्या. ट्रेलरमधली व्यवस्था कितीही चांगली केली तरी ही सोबत मी काढून टाकणार नाही.

आता दुसऱ्याच रात्री वीज का संपते ते पाहू. तुमच्यासारख्या ट्रेलरचा दिवसाचा खर्च मी अंदाजाने मांडतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॉट घेतो आणि दिवसातला साधारण निम्मा वेळ चालतो, म्हणजे ५४० वॉट-तास. सीपॅप ह्युमिडिफायरसकट ५० वॉट, आठ तास, म्हणजे ४००. फोन आणि लॅपटॉप १५०, दिवे ८०, पाण्याचा पंप २०. गॅसगळतीचा अलार्म आणि रेडिओची मेमरी यांसारख्या कधीच बंद न होणाऱ्या वस्तू मिळून १२०. राहिला इन्व्हर्टर. त्यावर काहीही लावलेलं नसलं तरी नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर १५ वॉट सहज खातो. २४ तासांचे होतात ३६०! सगळं मिळून १६७० वॉट-तास, म्हणजे दिवसाला दीड युनिटहून थोडं जास्त.

जमेची बाजू पाहा. २०० वॉटचे पॅनेल टपावर आडवे पडलेले, तापलेले, थोडे धुळकट. त्यातून पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. जो पॅनेल १८ व्होल्टवर ५.५ अ‍ॅम्पिअर देऊन १०० वॉट देऊ शकतो, तो १३ व्होल्टवर तेवढेच ५.५ अ‍ॅम्पिअर देतो, म्हणजे ७२ वॉटच. दिवसभराचं ऊन साडेचार तासांच्या कडक उन्हाइतकं धरलं, तरी हाती येतील ५०० ते ५५० वॉट-तास. तेही उघड्यावर. झाडाखाली याच्या निम्मेसुद्धा मिळत नसतील.

बॅटरीचं गणित वेगळं आहे. १०० एएचच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांत नव्या असताना २४०० वॉट-तास मावतात, पण त्यांचं आयुष्य सांभाळायचं तर त्यातले निम्मेच वापरायचे. तुमच्या बॅटऱ्यांची आज तेवढीही ताकद उरलेली नसावी, आणि तुमच्या सगळ्या त्रासाचं मूळ मला इथे दिसतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज, निदान आठवड्यातून एक-दोनदा, काठोकाठ भरावी लागते. ८० टक्क्यांपर्यंत ती भराभर भरते. शेवटचे २० टक्के मात्र अगदी सावकाश भरतात, त्यांना कित्येक तास लागतात. तोवर सूर्य कललेला असतो. अर्धवट भरलेल्या बॅटरीत प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक धरतात आणि कडक होत जातात. प्लेटचा तेवढा भाग मग वीज साठवायच्या कामाचा राहत नाही. तुमच्या बॅटऱ्या मुक्कामात तीन वर्षं बहुधा अर्धपोटीच राहिल्या आहेत. त्या म्हाताऱ्या झाल्या त्या वयामुळे कमी आणि उपासमारीने जास्त.

म्हणून तिसरी बॅटरी जोडायचा सल्ला मनातून काढून टाका. जुन्यांच्या शेजारी नवी लेड-अ‍ॅसिड जोडली, तर जुन्या तिला आपल्या पातळीवर ओढतात. आणि येणारी वीज तेवढीच राहिली तर उपाशी राहणारं आणखी एक तोंड वाढेल.

पहिली खरेदी शंटवाल्या बॅटरी मॉनिटरची करा. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर एक छोटा ठोकळा बसतो आणि आत-बाहेर जाणारा प्रत्येक अ‍ॅम्पिअर मोजतो. बसवताना एकच पथ्य, ट्रेलरमधली प्रत्येक निगेटिव्ह वायर शंटच्या पलीकडच्या टोकाला जायला हवी. एखादी थेट बॅटरीला राहिली, तर तिचा खर्च हिशेबात येत नाही. मी वर लिहिलेले आकडे अंदाजाचे आहेत. शंट आठवडाभरात तुमचे स्वतःचे आकडे देईल, आणि पुढची प्रत्येक निवड त्यावर करता येईल. लिथियमवर गेलात तर शंटवाचून भागणारच नाही. लेड-अ‍ॅसिडमध्ये व्होल्टमीटर पाहून पोट किती भरलंय ते कळतं. लिथियममध्ये ८० टक्के आणि ४० टक्के यांत जेमतेम एक-दोन दशांश व्होल्टचा फरक असतो.

आणि हो, लिथियमवर जा. मुलाचं इथे बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला अर्धवट भरलेलं राहणं बाधत नाही. तुमची झाडाखालची भटकंती तिला मानवते. ती शेवटपर्यंत भराभर चार्ज होते आणि साठ्यातले ८० ते ९० टक्के निर्धास्त वापरता येतात. ३०० एएच मात्र नको. इन्व्हर्टर बंद ठेवला, सीपॅप डीसीवर आणलं आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर ह्युमिडिफायरही आवरला, की तुमचा दिवसाचा खर्च १६७० वरून ११०० वॉट-तासांच्या आसपास येतो. २०० एएच लिथियममध्ये २५६० वॉट-तास असतात. म्हणजे ऊन अजिबात नसलं तरी जवळजवळ दोन दिवस निघतील. २०० ची एक घेण्यापेक्षा १०० च्या दोन घ्या. प्रत्येक बॅटरीत बीएमएस नावाचं सर्किट असतं. काही बिनसलं की ते बॅटरीच बंद करतं. दोन असतील तर एक झोपली तरी दुसरी सीपॅप चालू ठेवेल. दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या, एकाच बनावटीच्या असाव्यात. समांतर, म्हणजे पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला निगेटिव्ह, जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा. जोडल्यावर पॉझिटिव्ह केबल एकीची आणि निगेटिव्ह दुसरीची बाहेर काढा, म्हणजे दोघींवर सारखा भार पडेल.

तुमच्या थंडीच्या मुक्कामांसाठी एक इशारा. शून्य अंशाखाली ही बॅटरी वीज देते, पण तिला चार्ज करायचं नसतं. गारठलेल्या सेलमध्ये चार्जिंग केलं तर लिथियम धातूचा थर साचतो आणि ते नुकसान भरून निघत नाही. कमी तापमानाला चार्जिंग आपोआप तोडणारा बीएमएस आहे ना, हे विकत घेताना लेखी विचारा. आत हीटर असलेली मिळाली तर आणखी चांगलं. चालू स्थितीत लिथियममधून लेड-अ‍ॅसिडसारखा हायड्रोजन बाहेर पडत नाही, त्यामुळे ती ट्रेलरच्या आत, उबेत ठेवता येते.

पण ती आत नेमकी कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे, आणि याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही. तुमच्या जुन्या बॅटऱ्या प्रत्येकी २८ किलोंच्या आसपास असतील. त्या दांड्यावर आहेत, म्हणजे त्यांचं ५६ किलो वजन जवळजवळ सगळंच गाडीच्या हुकवर पडतं. समजा तुमचा ट्रेलर २००० किलोचा आहे आणि हुकवर २२० किलो भार आहे. जुन्या बॅटऱ्या काढल्या की तो १७० च्या खाली येईल. नव्या बॅटऱ्या १२-१२ किलोंच्या. त्या सोयीसाठी मागच्या पलंगाखाली, चाकांच्या मागे ठेवल्या तर हुकवरचा भार आणखी उतरेल. हुकवर भार कमी झाला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो, आणि एकदा डोलायला लागला की सावरणं कठीण जातं. बॅटऱ्या चाकांच्या पुढे बसवा, पट्ट्यांनी घट्ट बांधा आणि काम झाल्यावर नेहमीच्या सामानासह हुकवरचा भार पुन्हा मोजून घ्या. ट्रेलर बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत तो यायलाच हवा.

दांड्यावरची पेटी रिकामी करताना तिथली आणखी एक वायर जपा. ट्रेलर चालत्या गाडीपासून सुटला तर एक पिन खेचली जाते आणि ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक आपोआप लागतात. अनेक ट्रेलरमध्ये त्या ब्रेकना वीज याच बॅटरीतून मिळते. ही वायर मुख्य स्विचच्या पलीकडे गेली किंवा लोंबत राहिली, तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. ती बॅटरीच्या बाजूलाच, स्वतःच्या फ्यूजमधून जोडून घ्या. काम झाल्यावर उभ्या ट्रेलरचा प्लग गाडीपासून काढा, पिन ओढा आणि ब्रेक लागतात का ते स्वतः पाहा. पिन लगेच परत घाला, ब्रेकचे चुंबक तापू देऊ नका. बीएमएस झोपला की ब्रेकही जातील, म्हणून निघण्याआधी रोज मॉनिटरकडे नजर टाकायची सवय लावा. ब्रेकपुरती छोटी स्वतंत्र बॅटरी बसवून घेतलीत तर हा घोर संपतो.

बॅटरी बदलली की तिला खायला घालणारंही बदलावं लागतं. मुक्कामाच्या ठिकाणी वीज जोडल्यावर बॅटरी चार्ज करणारा ट्रेलरमधला जुना कन्व्हर्टर बहुधा १३.६ व्होल्टच्या आसपास थांबतो. लिथियमला १४.२ ते १४.६ लागतात. लिथियमची सेटिंग असलेला घ्या आणि इक्वलायझेशन नावाची, मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करण्याची सोय प्रत्येक चार्जरमध्ये बंद ठेवा, ती लेड-अ‍ॅसिडसाठी असते. गाडीतून प्लगवाटे येणारी चार्जिंगची वायर बारीक आणि लांब असते. रिकामी लिथियम बॅटरी तिच्यातून वाटेल तेवढा करंट ओढू पाहते, मग वायर तापते, फ्यूज उडतो आणि गाडीच्या अल्टरनेटरवर ताण येतो. मध्ये करंट आवरून बॅटरीला हवा तेवढाच देणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. जुन्याच वायरवर चालवायचा असेल तर १० ते १५ अ‍ॅम्पिअरचा पुरे. १५ चा चार तास चालला तर ७५० वॉट-तासांच्या वर मिळतात. प्रवासाच्या दिवशी झाडाच्या सावलीत मिळणाऱ्या सोलरपेक्षा हे कितीतरी जास्त आहेत.

आता पॅनेल. टपावर आणखी दोन बसवून ४०० वॉट करा आणि एमपीपीटी कंट्रोलर घ्या. तो पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि जास्तीच्या व्होल्टचे अ‍ॅम्पिअर करून देतो. साडेचार तासांचं ऊन आणि ३० टक्के घट धरली तर रोजचे १२६० वॉट-तास येतात, तुमच्या ११०० ला पुरतील इतके. पण झाडाखाली टपावर ४०० काय आणि ८०० काय, सावली सगळ्यांवर सारखीच पडते. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर एका फांदीची सावली पडली तरी त्याची तिसरा हिस्सा वीज जाऊ शकते. म्हणून टप भरून टाकायचा मोह आवरा आणि घडी घालून ठेवता येणारा २०० वॉटचा एक सुटा पॅनेल, दहा-पंधरा मीटर केबलसह, सोबत घ्या. ट्रेलर सावलीत, पॅनेल उन्हात. तो सूर्याकडे वळवता येतो, त्यामुळे टपावरच्या तेवढ्याच वॉटच्या पॅनेलपेक्षा जास्त देतो, हिवाळ्यात सूर्य खाली असताना तर खूपच. वाऱ्याने उलटू नये म्हणून खुंट्यांना बांधा. त्याच्यासोबत स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर आला असेल तर तो बाजूला काढून पॅनेलला स्वतःचा छोटा एमपीपीटी द्या.

टपावरची जोडणी अशी करा. जुने दोन आपापसात सिरीजमध्ये (एकाचं पॉझिटिव्ह दुसऱ्याच्या निगेटिव्हला), नवे दोन आपापसात तसेच, आणि या दोन जोड्या एकमेकींना समांतर. सिरीजमध्ये सगळ्यांत कमी करंट देणारा पॅनेल बाकीच्यांना अडवतो, म्हणून जुना-नवा एका माळेत नको. दोन जोड्यांचं व्होल्टेज मिळतंजुळतं असावं. ते फार वेगळं असेल तर नव्यांना वेगळा कंट्रोलर द्या. चार समांतर जोडण्यापेक्षा अशा जोडणीत टपावरून येणाऱ्या वायरमधला करंट निम्मा होतो आणि वायरमध्ये वाया जाणारी वीज चौथ्या हिश्शावर येते. चारही एका माळेत ओवायचा सल्ला कुणी दिला तर तुमच्या थंडीचा विचार करा. गार पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. उघड्या टोकांना २२ व्होल्ट देणारे चार पॅनेल २५ अंशांना ८८ देतात, तर उणे १० ला ९७ च्या आसपास जातात. कंट्रोलर १०० व्होल्टचा असेल तर हे कड्यावर उभं राहण्यासारखं आहे. पॅनेल आणि टप यांत चार बोटं हवा खेळती ठेवा, तापलेला पॅनेल कमी देतो. याच कारणाने टपाला चिकटवायचे लवचीक पॅनेल मी सुचवत नाही. टपाला पाडलेलं प्रत्येक भोक टपाच्या पत्र्याला किंवा रबराला चालणाऱ्या सीलंटने बुजवा आणि दरवर्षी शिडी लावून ते तपासा. गळतीने लाकूड कुजलं तर त्याची दुरुस्ती या सगळ्या कामाहून मोठी होऊन बसते.

३००० वॉटचा इन्व्हर्टर घेऊ नका. पूर्ण भाराला तो बॅटरीतून २५० अ‍ॅम्पिअरच्या वर ओढेल, आणि १०० एएचच्या दोन बॅटऱ्यांचे बीएमएस मिळून बहुधा २०० च देतात. एसी रात्रभर चालवायचा तर सहा-सात युनिट लागतील, म्हणजे तुमच्या नव्या बॅटऱ्यांच्या अडीचपट. जिथे बाहेरची वीज मिळते तिथेच एसी लावा. लॅपटॉप आणि मिक्सरसारख्या वस्तूंना ५०० ते १००० वॉटचा, घरातल्यासारखी सुरळीत एसी वीज देणारा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर पुरतो. तो लागेल तेव्हा चालू आणि काम झालं की बंद.

शॉर्टसर्किट झालं तर लिथियम बॅटरी हजारो अ‍ॅम्पिअर सोडते. साधा फ्यूज वितळला तरी त्यातून ठिणगी वाहत राहू शकते. पॉझिटिव्ह टोकाजवळच, वीतभर अंतराच्या आत, एवढा मोठा करंटही पुरता तोडणारा क्लास टी फ्यूज बसवा. केबलच्या टोकांचे लग, म्हणजे नटाखाली बसणाऱ्या धातूच्या कड्या, हातोडीने ठोकलेले चालणार नाहीत, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. एका ट्रेलरमध्ये मी स्वतः पाहिलंय, एक नट अर्धा फेरा सैल राहिला होता आणि तेवढ्याने केबलचं आवरण वितळून पलंगाची फळी काळी पडली होती. तेव्हापासून पहिल्या प्रवासानंतर प्रत्येक नट पुन्हा आवळायला मी सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही सांगतो. काम सुरू करताना आधी पॅनेल सोडवा, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. नाहीतर कंट्रोलर जळू शकतो. पान्यांच्या दांड्यांना इन्शुलेशन टेप गुंडाळा, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. हे हात बसलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलंत तर मला जास्त बरं वाटेल, पण तो काम करत असताना यातला एकेक मुद्दा त्याला विचारा.

ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तेव्हा बॅटऱ्या ५०-६० टक्क्यांवर ठेवून मुख्य स्विच बंद करा. जुन्या लेड-अ‍ॅसिड भंगारात कुठेही न टाकता बॅटऱ्या परत घेणाऱ्याकडे द्या, त्यातलं शिसं पुन्हा वापरलं जातं.

सगळं एकदम जमणार नसेल तर डीसी अ‍ॅडॉप्टर आणि शंट या आठवड्यात घ्या. त्यानंतर बॅटऱ्या, फ्यूज, कन्व्हर्टर आणि डीसी-टू-डीसी चार्जर एकाच वेळी बसवा, ते वेगवेगळे करण्यात अर्थ नाही. त्यानंतर सुटा पॅनेल, आणि टपावरचे सगळ्यांत शेवटी. लांबच्या प्रवासाआधी दोन रात्री घरासमोर उभ्या ट्रेलरमध्ये झोपा, बाहेरची वीज न जोडता, पॅनेल झाकून, फ्रिज भरलेला ठेवून आणि यजमानांचं मशीन लावून. दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी शंटवर किती टक्के उरलेत ते वहीत लिहून ठेवा आणि मलाही कळवा.